घर सोडताना मालकाने दिलेले पैसे: त्यावर कर कुणी, किती आणि कसा भरायचा

नाशिकला रविवार कारंजापासून आत एका बोळात माझ्या आत्याचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, वर माळा, चौकात सगळ्यांना मिळून एक नळ. भाडेपावती सासऱ्यांच्या काळापासूनची आणि भाडं इतकं कमी की मालक ते न्यायलाही येत नसे. वाडा खचायला लागला, दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटू लागली आणि शेवटी मालकाने एकेका बिऱ्हाडाशी बोलणी करून खोल्या रिकाम्या करून घेतल्या. आत्याला १४ लाख मिळाले. तिने ते आधी एफडीत ठेवले आणि पुढे मुलाच्या नावावर फ्लॅट घेतला त्यात घातले. "घर सोडल्याचे पैसे आहेत, त्याला कसला आलाय टॅक्स," असं मालकाच्या माणसाने तिला सांगितलं होतं. आम्ही घरच्यांनीही ते खरं मानलं.

दोन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस निघाली. ती गेली वाड्याच्या पत्त्यावर, आणि तिथे तोवर पत्र्याचं कुंपण उभं राहिलं होतं. शेजारच्या किराणा दुकानदाराने ते पाकीट जपून ठेवलं म्हणून आम्हाला कळलं तरी. तेव्हापासून हा विषय मी मुळापासून शिकलो आणि आज करसल्लागार म्हणून माझ्यासमोर अशी प्रकरणं येतात तेव्हा आत्या आठवते. तिने कुणाला फसवलं नव्हतं. वेळेवर दोन गोष्टी माहीत असत्या तर तिला एक रुपयाही कर बसला नसता.

म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. जुन्या नाशकात, पंचवटीत, भद्रकालीत, मेन रोडच्या मागच्या गल्ल्यांत अजून कितीतरी बिऱ्हाडं याच वळणावर उभी आहेत. त्यांच्यासाठी हे आहेच, पण नोकरीमुळे अंबड-सातपूरला आलेल्या आणि करार मोडून फ्लॅट सोडणाऱ्या नव्या नाशिककरांसाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर अधिनियम आला आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले. मी खाली जुनेच आकडे वापरले आहेत, कारण कोर्टाचे निकाल त्याच आकड्यांनी ओळखले जातात आणि सीएंच्या तोंडीही अजून तेच आहेत. तुमचं रिटर्न भरताना त्या वर्षाचं नवं कलम सीए लावून देईल.

पहिली पायरी: तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी?

बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी माणसं आहेत.

जुन्या वाड्यात पिढीजात राहणारा माणूस महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ खालचा भाडेकरू असतो. त्याने ठरलेलं भाडं दिलं आणि कायद्यात सांगितलेलं कारण घडलं नाही, तर मालक त्याला बाहेर काढू शकत नाही. तो वारला तर त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस भाडेकरू होतो. वाडा पडला किंवा पाडला तरी हक्क आपोआप संपत नाही. सांगली महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच सांगितलं: इमारत गेली तरी जमिनीवरचा भाडेहक्क राहतो. मालक लाखो रुपये देतो ते या हक्कापोटी. उपकार म्हणून कुणी देत नाही.

कॉलेज रोडला, गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला ११ किंवा ३६ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याकडे असा हक्क नसतो. त्याला फक्त मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते. मुदत संपली आणि तो हलला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट रक्कम मागू शकतो.

तुमच्याकडे काय आहे ते कागदावरून बघा. जुन्या भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्डावरचा पत्ता, मालकाची जुनी पत्रं असतील तर पहिला प्रकार. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर दुसरा. कागद मुळीच नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ लक्षात ठेवा: करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि त्याने ती पाळली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

दुसरी पायरी: आलेले पैसे ढिगाने पाहू नका, वेगवेगळे करा

आत्याच्या कागदावर एकच ओळ होती: "खोली सोडण्यापोटी रोख व चेकने रुपये १४ लाख मिळाले." त्या ओळीने सगळा घोळ केला. घर सोडताना मिळणाऱ्या रकमेत बहुतेक वेळा तीन-चार वेगळ्या जातींचे पैसे मिसळलेले असतात आणि प्रत्येकाची करातली वाट निराळी असते.

डिपॉझिट परत मिळालं तर ते तुमचेच पैसे परत आले. तुम्हाला त्यावर कर नाही आणि मालकाला त्याची वजावट नाही. मालकाने रंगकामाचे किंवा तुटलेल्या नळाचे पैसे कापले तर त्याचा हिशोब लेखी घ्या. थकलेलं भाडं कापलं तर ती रक्कम मालकाच्या हिशोबात भाडंच धरली जाते, आणि त्यावर त्याला नेहमीची ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. डिपॉझिट रोखीत परत घेऊ नका. २० हजार किंवा त्याहून मोठी ठेव रोखीने परत करण्याला कलम २६९टी ची मनाई आहे आणि दंड त्या रकमेएवढा लागू शकतो. घराच्या डिपॉझिटलाही हे लागतं असं धरूनच चाला.

सामान हलवायचा टेम्पो, हमाली, गॅस आणि इंटरनेटची नवी जोडणी असा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने बिलाप्रमाणे भरून दिला तर त्यात तुमची कमाई काही नाही. बिलं जपा आणि ही रक्कम करारात वेगळी दाखवा.

नव्या इमारतीत घर मिळेपर्यंत बिल्डर किंवा मालक दरमहा भाडं देतो त्याला ट्रान्झिट रेंट म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका पुनर्विकासाच्या वादात असं म्हटलं की ही रक्कम घराबाहेर राहावं लागल्याच्या त्रासापोटी आहे, ती महसुली उत्पन्न नाही आणि तिच्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा कर) कापायचा नाही. मात्र ते पैसे खरंच दुसरीकडच्या भाड्यासाठी वापरले असतील तर बाजू जास्त भक्कम राहते. मुलाकडे फुकट राहून ते साठवले तर अधिकारी प्रश्न विचारणार, हे गृहीत धरा.

राहिली खरी मोठी रक्कम, म्हणजे हक्क सोडण्याची किंमत. तिच्यावर पुढे जास्त बोलायचं आहे.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं मात्र इथेच उरकतो. त्यांना जाताना मिळतं ते बहुधा डिपॉझिटच. मुदतीआधी घर हवं म्हणून मालकाने वर ५०-६० हजार दिले, तर त्यातला शिफ्टिंगचा खर्च बिलांसह वेगळा काढा आणि उरलेलं इतर उत्पन्नात दाखवून मोकळे व्हा. एवढ्याशा रकमेसाठी भाडेहक्क वगैरे वाद घालण्यात अर्थ नाही. आणि महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर एक काम विसरू नका. घर सोडता त्या शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून वर्षभराचा टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के आहे. मार्च संपायची वाट पाहत बसलात तर उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: हक्क सोडल्याच्या पैशावर भाडेकरूचा कर

भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आहे. तो मालकाला परत देणं म्हणजे मालमत्तेचं हस्तांतरण आणि त्यातून मिळालेला पैसा म्हणजे भांडवली नफा. गॅस्पर प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने हे सांगितलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. २००५ मध्ये डी. पी. संधू ब्रदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: हा पैसा भांडवली नफ्याच्या खान्यात बसतो, तो 'इतर उत्पन्न' म्हणून वेगळ्या वाटेने पकडता येत नाही. हा निकाल भाडेकरूच्या फार कामाचा आहे. भांडवली नफ्याचा दर सवलतीचा असतो आणि घर घेतल्यास सूटही मिळते.

नफा काढायचा तर खरेदीची किंमत हवी. आजोबांनी खोली घेतली तेव्हा काय दिलं? आयकर कायद्याच्या कलम ५५ चं उत्तर सरळ आहे. हक्क पैसे देऊन घेतला असेल तर ती रक्कम ही किंमत, नाहीतर शून्य. वारशाने आला असेल तर आधीच्या धारकाने मोजलेली रक्कम धरता येते. पण इथे आपल्या जुन्या घरांची मोठी अडचण होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पागडी, म्हणजे जागा भाड्याने देताना भाड्याशिवाय घेतलेली एकरकमी रक्कम, घेणं गुन्हा होता, त्यामुळे पागडी दिली तरी पावती कुणी देत नसे. १९९९ चा अधिनियम ३१ मार्च २००० ला अंमलात आल्यावर ती कायदेशीर झाली. म्हणजे त्याआधी दिलेल्या पागडीचा पुरावा बहुतेकांकडे नाही, आणि पुरावा नसेल तर किंमत शून्य. संपूर्ण रक्कम नफा.

"२००१ चं बाजारमूल्य धरून घेऊ ना," असं पुष्कळ जण सुचवतात. ती सोय जमीन-घराच्या मालकाला आहे, भाडेहक्काला नाही. वकिलाची फी, दस्ताचा खर्च असा हस्तांतरणासाठीच झालेला खर्च मात्र रकमेतून वजा होतो. पावत्या ठेवा.

मुदतीचं बघू. हक्क २४ महिन्यांहून जास्त काळ असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. वारसाला आधीच्या माणसाचा काळही मोजून मिळतो, त्यामुळे वाड्यातल्या बिऱ्हाडांना ही अट जवळपास नेहमीच पुरी होते. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, महागाई निर्देशांकाची वजावट (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सोय) नाही. निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना पर्याय फक्त जमीन आणि इमारतीसाठी राखला आहे. खरेदी किंमत शून्य असणाऱ्याला निर्देशांकाचा तसाही उपयोग नव्हता, म्हणून दर कमी झाल्याने भाडेकरूचा फायदाच झाला.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात ती जागा. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते पगार, पेन्शन, व्याज अशा उत्पन्नासाठी आहे. भांडवली नफ्यावर खास दराने बसणाऱ्या कराला ती कलम ८७ए ची सूट नव्या करपद्धतीत लागत नाही.

२०२५-२६ चे आकडे घेऊन बघा. एका काकूंना व्याजाचे वर्षाला दीड लाख मिळतात, दुसरं उत्पन्न नाही, आणि खोली सोडल्याचे १० लाख मिळाले. एकूण साडेअकरा लाख, म्हणजे १२ च्या आत. तरी कर आहे. नव्या पद्धतीत पहिले ४ लाख करमुक्त. त्यातले दीड लाख व्याजाने खाल्ले, उरलेले अडीच लाख नफ्यातून वजा करता येतात. राहिले साडेसात लाख. त्यावर साडेबारा टक्क्यांनी ९३,७५० आणि चार टक्के उपकर ३,७५०, मिळून ९७,५००. काकू भारतात राहणाऱ्या आहेत म्हणून ती अडीच लाखांची वजावट मिळाली. अनिवासी भारतीयाला तीही मिळत नाही.

चौथी पायरी: नवं घर घेणार असाल तर कर वाचवायची एकच मोठी वाट

कलम ५४ तुमच्यासाठी नाही, ते स्वतःच्या मालकीचं घर विकणाऱ्याला आहे. ५४ईसी चे करबचत बाँड सुद्धा नाहीत, ते आता जमीन आणि इमारतीपुरते राहिले आहेत. बँकेतला माणूस बाँड सुचवेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. तुमचं कलम ५४एफ: आलेले पैसे राहत्या घरात घातले की नफ्यावरच्या करात सूट.

त्याच्या अटी अशा. हक्क सोडल्याच्या तारखेआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधून पुरं करायचं. हक्क सोडला त्या दिवशी तुमच्या मालकीची, हे नवं घर सोडून, एकाहून जास्त घरं नसावीत. भाड्याची खोली मालकीची नसल्यामुळे ती मोजत नाहीत. तुमचं एखादं गावाकडचं घर असलं तरी चालतं, दोन असली की सूट गेली.

५४एफ चं गणित साधारणपणे प्रमाणाचं असतं, पण खरेदी किंमत शून्य असेल तर ते एकदम सोपं होतं: जेवढे रुपये घरात घातले तेवढ्या रुपयांवरचा कर गेला. वरच्या काकूंनी १० पैकी ६ लाख घरात घातले तर नफा उरतो ४ लाख, त्यातून अडीच लाख वजा, दीड लाखावर कर १८,७५० आणि उपकर धरून १९,५००. सगळे दहा घातले तर शून्य.

घर लगेच मिळत नसेल आणि रिटर्नची मुदत जवळ आली असेल, तर न वापरलेली रक्कम बँकेत भांडवली नफा खाते योजनेत ठेवायची. ही योजना १९८८ पासून आहे, ठरावीक बँकांच्या शाखांत हे खातं उघडतं. साधी एफडी इथे चालत नाही. आत्याची पहिली चूक हीच होती. दुसरी म्हणजे फ्लॅट मुलाच्या एकट्याच्या नावावर घेतला. दत्तक मुलाच्या नावे घेतलेल्या घरावर ५४एफ नाकारणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि आपण त्याच न्यायालयाच्या हद्दीत राहतो. "शेवटी सगळं मुलाचंच आहे" ही भावना मी समजू शकतो, पण खरेदीखतात पैसे मिळालेल्या माणसाचं नाव हवंच. मुलाचं नाव त्याच्याबरोबर लावा, पुढचं मृत्युपत्रात लिहा.

पैशाऐवजी नव्या इमारतीत घर मिळणार असेल तरी हक्काचं हस्तांतरण झालेलं असतं. मिळणाऱ्या घराची किंमत हा मोबदला आणि तेच घर ५४एफ खाली गुंतवणूक, असं मांडता येतं. पण बिल्डरला तीन वर्षांत बांधकाम संपवायला काय लागतं, हे नाशिककरांना सांगायला नको. करारात ताब्याची तारीख घालून घ्या आणि हस्तांतरण नेमकं कोणत्या दिवशी झालं ते सीएकडून ठरवून घ्या. घड्याळ त्या दिवसापासून चालतं.

एकाहून जास्त वारस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या रकमेचा कर ज्याचा त्याने भरायचा. एका भावाच्या खात्यात सगळी रक्कम घेऊन नंतर वाटण्या केल्या की नोटीस त्या एकट्याला येते आणि घरात कटुता येते. मालकाकडून वेगवेगळे चेक घ्या.

पाचवी पायरी: खोली नव्हे, दुकान सोडत असाल तर

मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल या भागात जुनी भाड्याची दुकानं पुष्कळ. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी वाढतात.

पहिली आयकरातली. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कलम २८ मध्ये एक तरतूद घातली: धंद्याशी संबंधित करार संपवल्याबद्दल मिळालेली भरपाई धंद्याचं उत्पन्न धरली जाईल. संरक्षित भाडेहक्क सोडला असेल तर तो भांडवली नफा हे म्हणणं मजबूत आहे. पण कागदावर 'धंद्याचं नुकसान', 'गिऱ्हाईक तुटल्याची भरपाई' असले शब्द असतील तर अधिकारी या तरतुदीकडे वळेल आणि मग कर तुमच्या नेहमीच्या दराने, ३० टक्क्यांपर्यंत. लिव्ह अँड लायसन्सवरच्या दुकानाला तर हा धोका जास्तच. फर्निचर, शटर, एसी मालकालाच विकून जात असाल तर त्यांची किंमत वेगळ्या बिलावर घ्या.

दुसरी जीएसटीची. केंद्र सरकारच्या २ मे २०१८ च्या परिपत्रकात, क्रमांक ४४, पागडीवर स्पष्टीकरण आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाडेहक्कावर जीएसटी नाही. मात्र जाणाऱ्या भाडेकरूने पागडीतल्या हिश्शाच्या मोबदल्यात हक्क सोडला तर ती सेवा करपात्र आहे असं त्यात म्हटलं आहे. दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्क्यांचा प्रश्न उभा राहतो. नोंदणी नसेल तरी ही रक्कम धरून वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर जाते का ते बघा. रक्कम ठरवण्याआधीच मालकाशी बोला की जीएसटी वेगळा मिळणार की त्यातच धरलेला आहे. चेक हातात आल्यावर हे बोलणं फार अवघड होतं.

सहावी पायरी: मालकाची बाजू

मालक विचारतात, "मी भाडेकरूला दिलेले लाखो रुपये भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतील का?" नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी, ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाचं व्याज एवढंच जातं. भाडेकरूला दिलेली रक्कम तिथे कुठेच बसत नाही.

ती बसते जागा विकताना. भाडेकरू निघाला की जागेची किंमत वाढते, म्हणून त्याला दिलेले पैसे सुधारणेचा खर्च धरता येतात, किंवा विक्रीसाठीच ताबा मोकळा केला असेल तर विक्रीचा खर्च. जमिनीवरच्या झोपडीधारकांना हलवायला दिलेला पैसा सुधारणेचा खर्च आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००० मध्ये पिरोजा पटेल प्रकरणात मान्य केलं. भाडेकरूंबाबत मद्रास आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयांचे निकालही मालकाच्या बाजूचे आहेत.

२३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेली जागा विकणाऱ्या निवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी हिशोब करून कमी येईल तो कर भरता येतो: साडेबारा टक्के निर्देशांकाविना, किंवा २० टक्के निर्देशांकासह. भाडेकरूंना आठ-दहा वर्षांपूर्वी मोठ्या रकमा दिल्या असतील तर दुसरी पद्धत कधी कधी बरी पडते, कारण त्या रकमांवरही दिल्या त्या वर्षापासून निर्देशांक लागतो. जमिनीचं १ एप्रिल २००१ चं मूल्य धरणार असाल तर ते त्या दिवशीच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही.

वाडा वडिलोपार्जित आणि प्रॉपर्टी कार्डावर सात नावं असतील, तर भाडेकरूला पैसे कोणत्या भावाने दिले ते लिहून ठेवा. एकाने दिले आणि सगळ्यांनी वजावट मागितली, की सगळ्यांचीच अडकते. बिल्डर परस्पर पैसे देणार असेल तर विकसन करारात ते मालकाच्या वतीने दिले जात आहेत की बिल्डरचा स्वतःचा खर्च आहेत, हे स्पष्ट असू द्या.

भाडेकरू आता परदेशात राहत असेल तर पैसे देताना टीडीएस कापण्याची जबाबदारी मालकावर येते, आणि मूळ रक्कम पूर्ण दिल्यावर ती निस्तरता येत नाही. रक्कम ५० लाखांच्या घरात असेल तर भारतातल्या भाडेकरूबाबतही एक टक्का टीडीएसवर आधीच लेखी सल्ला घ्या. त्या कलमात जमीन आणि इमारत असे शब्द आहेत, भाडेहक्क नाही, पण चुकल्यावर व्याज मालकालाच पडतं.

सातवी पायरी: कागद

सगळं इथे ठरतं. 'भाडेहक्क सोडपत्र' असं शीर्षक द्या. भाडेकरूपण केव्हापासून, कुणाकडून कुणाकडे आलं ते लिहा. मग रकमा तोडून, साधारण अशा शब्दांत:

"सदर खोल्यांतील माझा भाडेहक्क मी कायमस्वरूपी सोडून दिल्याचा मोबदला रुपये ____. अनामत रकमेचा परतावा रुपये ____. सामान हलवण्याचा प्रत्यक्ष खर्च, सोबतच्या बिलांप्रमाणे, रुपये ____."

'बक्षीस', 'मदत', 'माणुसकीपोटी' हे शब्द नकोत. मोबदल्याविना मिळालेली ५० हजारांवरची रक्कम इतर उत्पन्नात धरली जाते आणि असा शब्द वापरून तुम्ही स्वतःच ५४एफ चा दरवाजा लावून घेता. मालकाची वजावटही त्याने कमकुवत होते. दोघांचं हित एकाच वाक्यात आहे, अशी जागा घरमालक-भाडेकरू नात्यात क्वचित सापडते. तिचा उपयोग करा.

दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मोबदला असलेल्या दस्ताला मुद्रांक शुल्क किती लागेल ते आधी विचारून घ्या आणि ते कोण भरणार तेही लिहा. दोघांचे पॅन, चेक किंवा आरटीजीएसचे क्रमांक, चावी दिल्याची तारीख, ताबा पावती, महापालिकेची नोटीस असेल तर तिची प्रत, सगळं सोबत जोडा. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोडीच्या अटींतही हेच शब्द येऊ द्या.

रोखीबद्दल मी कळवळून सांगतो, घेऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला, आणि तोही तेवढ्याच रकमेचा. "अर्धे वर, अर्धे खाली" (अर्धे चेकने, अर्धे कागदावर न दाखवता रोख) या प्रस्तावात मालक सुटतो आणि म्हातारा भाडेकरू अडकतो. खालचे पैसे घरातही घालता येत नाहीत आणि बँकेतही.

शेवटचं: रिटर्न आणि पत्ता

हक्क सोडल्याचा भांडवली नफा असेल तर आयटीआर १ चालत नाही. आयटीआर २ भरा, धंदा असेल तर आयटीआर ३. भरण्याआधी आयकर पोर्टलवर एआयएस (खात्याकडे पोचलेल्या तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक) उघडून बघा. वर्षात १० लाख किंवा जास्त रकमेची एफडी केली की बँक ती माहिती खात्याला कळवते. आत्याचं नाव तिथूनच वर आलं. उत्पन्न दाखवलेलं आणि ५४एफ मागितलेलं असेल तर त्या माहितीला घाबरायचं कारण नाही. ५४एफ ने कर शून्य होत असेल तरी रिटर्न भराच. साठ वर्षांवरच्या, धंदा नसलेल्या माणसाला आगाऊ कराचे हप्ते नाहीत. इतरांनी पैसे मिळाल्यानंतरच्या पुढच्या हप्त्यात कर भरावा, नाहीतर व्याज लागतं.

आणि सामान टेम्पोत चढवलं त्याच आठवड्यात पॅनवरचा आणि आयकर पोर्टलवरचा पत्ता, मोबाइल, ईमेल बदला. ज्येष्ठांच्या खात्यावर त्यांचा स्वतःचा चालू असलेला नंबर टाका, भाच्याचा जुना नको. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत ती निघाल्यापासून मोजतात, किराणावाल्याने पाकीट हातात दिल्यापासून नाही.